घरी येणारी रुग्णसेवा : दर्जा आणि सुरक्षितता ओळखायची कशावरून?

कवडसा

आईला पक्षाघात होऊन साडेचार महिने झाले. डावी बाजू गेली आहे, बोलणं अडखळत येतं, पण समजतं सगळं. घरी आणली तेव्हा राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी आहाराची नळी) होती, ती दोन महिन्यांनी निघाली. कॅथेटर (लघवीची नळी) अजून आहे. दिवसा एक ताई आणि रात्री एक मावशी येतात, दोघी एकाच एजन्सीच्या.

गेल्या आठवड्यात आईला कुशीवर वळवताना माकडहाडाजवळ अंगठ्याच्या टोकाएवढा लाल डाग दिसला. ताईला विचारलं तर म्हणाली, "रात्री वळवत नसतील." मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मी आले तेव्हा होताच." एजन्सीला फोन केला. "आमची माणसं ट्रेन्ड आहेत, सर्टिफिकेट आहे. हवं तर माणूस बदलून देतो," असं उत्तर मिळालं.

मला माणूस बदलून नको होता. डाग कधी आला आणि दोघींपैकी कुणाच्याच नजरेला कसा पडला नाही, एवढंच हवं होतं. ते कुणालाच सांगता आलं नाही.

रुग्णालयात निदान नर्स असते, राउंड असतो, फाइल असते. घरी काय असतं? घरी येणाऱ्या सेवेचा दर्जा आपण घरच्यांनी कशावरून ओळखायचा? प्रमाणपत्र बघून, की आणखी काही बघायचं असतं? ज्यांनी यातून दिवस काढलेत त्यांनी कृपया लिहा. आणि कॅमेरा लावावा का, हेही सांगा.

---

रिंगण

कॅमेरा लावा. आजच लावा. बाकीचं मग बघता येईल.

---

हळद्या_पक्षी

आधी आईंना लवकर आराम पडो. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळी तीन एजन्सी झाल्या. तिन्हींकडे प्रमाणपत्र होतं. तिसरीकडून आलेला मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, "आजोबांची औषधं मला एकदा तुम्ही समोर बसून समजावून द्या, मी लिहून घेतो." आम्हाला तेवढ्यावरूनच कळलं.

---

पांढरी_टोपी

मी परिचारिका आहे. बावीस वर्षं वॉर्डात काढली, गेली काही वर्षं घरी जाऊन रुग्ण बघते. कवडसा, तुमच्या मूळ प्रश्नाकडे नंतर येते, आधी तो डाग.

बोटाने दाबून बघा. बोट उचलल्यावर जागा क्षणभर फिकी पडून परत लाल झाली तर रक्तपुरवठा शाबूत आहे. दाबूनही लालच राहिली तर तो बेडसोअरचा, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर हा फिकेपणा नीट दिसत नाही, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम किंवा गार लागते का, टणक किंवा पिचपिचीत लागते का, आईंना तिथे दुखतं का, हेही बघा. कातडी फाटलेली नसेल तर वेळ गेलेली नाही. दाब काढला की पहिला टप्पा बरा होतो.

डागावर चोळू नका, मालिश तर मुळीच नको. आतले नाजूक झालेले पेशीस्तर त्याने आणखी दुखावतात. मध्ये भोक असलेली गोल रबरी उशी अजून घराघरात वापरतात, तीही नको, कडेच्या कातडीवर दाब वाढतो. एअरबेड असला तरी वळवणं सुटत नाही. दोन तासांनी कूस बदलायची हा सुरुवातीचा हिशेब, मग कातडी बघून डॉक्टर किंवा नर्स तो कमीजास्त करतात. आणि पलंगाची डोक्याची बाजू सतत उंच ठेवू नका. माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. या खेचण्यानेही जखम होते. ट्यूबने आहार देताना आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास डोकं ३० ते ४५ अंश उंच हवंच, नाहीतर आहार फुफ्फुसात जायची भीती. एरवी ३० अंशांच्या वर नको.

हे सगळं अंदाजाने करायचं नसतं. १९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघींनी बेडसोअरचा धोका मोजणारी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली, ब्रेडन स्केल. जाणीव, ओलसरपणा, हालचाल, स्वतः कूस बदलण्याची क्षमता, पोषण आणि घर्षण, असे सहा मुद्दे. गुण ६ ते २३. गुण जितके कमी तितका धोका जास्त. एजन्सीला विचारा, सेवा सुरू करताना आईंचा ब्रेडन स्कोअर कुणी काढला होता का? कॅमेऱ्याच्या आधी हे विचारा.

---

कवडसा

@पांढरी_टोपी, मनापासून आभार. आत्ता दाबून बघितलं. फिका पडतो, मग लाल होतो. गरम लागत नाही. डॉक्टरांनाही फोटो पाठवला आहे.

ब्रेडन स्कोअर हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. सेवा सुरू झाली तेव्हा एजन्सीकडून कुणीही घरी आलं नव्हतं. फोनवर "पेशंट बेडरिडन आहे का, डायपर आहे का, वजन किती" एवढंच विचारलं होतं.

---

गडद_निळा

प्रमाणपत्राच्या मुद्द्यावर आमचा अनुभव लिहितो. लिहायला जड जातंय, पण कुणाच्या तरी कामी येईल.

वडिलांना रात्री २० युनिट इन्सुलिन असायचं. बाटली ४० युनिट प्रति मिलिलिटरची, सिरिंज तिच्याच मापाची, लाल टोपणाची. एकदा नेहमीची बाटली मिळाली नाही, म्हणून १०० युनिट प्रति मिलिलिटरची आणली. त्या बाटलीसाठी सिरिंजही वेगळी लागते, नारिंगी टोपणाची. ती आणली नाही. अटेंडंट मुलाने रोजच्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये रोजच्या २०च्या खुणेपर्यंत औषध भरलं. त्या खुणेपर्यंत अर्धा मिलिलिटर जातं. म्हणजे वडिलांना २०ऐवजी ५० युनिट गेलं.

मध्यरात्री ते घामाने निथळत होते आणि असंबद्ध बोलत होते. साखर मोजली, ४३. शुद्धीत होते म्हणून आईने लगेच ग्लुकोज पाजलं, पंधरा मिनिटांनी परत मोजली, परत दिलं, तोवर अ‍ॅम्ब्युलन्स आली. वाचले.

एजन्सीने त्याच सकाळी त्या मुलाला काढून टाकलं आणि प्रकरण मिटलं. त्या दिवशी माझंही समाधान झालं होतं. पण नवी बाटली फ्रिजमध्ये कुणी ठेवली? मी. त्याला सांगितलं कुणी? कुणीच नाही. औषध बदललं तर ते कुठे लिहायचं, दुसऱ्या माणसाने ते तपासायचं की नाही, अशी घरात किंवा एजन्सीत काही पद्धतच नव्हती. त्याच्या जागी जो मुलगा आला, त्यालाही एजन्सीने या प्रसंगाबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. मी सांगितलं तेव्हा तो हातातली सिरिंज खाली ठेवून ऐकत राहिला.

---

तळटीप

गडद_निळा, हे लिहिल्याबद्दल आभार. जेम्स रीझन नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होते, अपघात कसे होतात यावर त्यांचं मोठं काम आहे. त्यांचं म्हणणं असं, की सुरक्षेचे थर एकामागे एक उभे असतात आणि प्रत्येक थराला भोकं असतात. सगळ्या थरांची भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार होतो. तुमच्याकडे बाटली बदलणं, सिरिंज न बदलणं, न सांगणं, दुसऱ्याने न तपासणं, ही चारही भोकं एका रेषेत आली. मुलाला काढून शेवटचा थर तेवढा बदलला.

सरकारी पातळीवर दर्जा कसा तपासतात, तर इंग्लंडमध्ये २००९पासून केअर क्वालिटी कमिशन आहे. घरी जाऊन अंघोळ घालणं, कपडे बदलणं अशी सेवा देणाऱ्या संस्थांनाही त्यांच्याकडे नोंदणी करावी लागते. तपासणीत पाच प्रश्न असतात : सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीने दिली जाते का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलते का, आणि ती चालवणारे नीट चालवतात का. अहवाल लोकांसाठी खुले असतात. आपल्याला हेच पाच प्रश्न आपल्या एजन्सीला लावून बघता येतील, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

---

ठाम_मत

सगळं खरं, पण मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. "पद्धत चुकली, माणूस नाही" म्हणता म्हणता निष्काळजीपणावर पांघरूण पडतं. माझ्या आत्याचे दोन्ही हात ओढणीने पलंगाला बांधलेले मी स्वतः बघितले आहेत. मनगटावर वळ होते. ती बाई बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होती. इथे कुठला थर आणि कुठलं भोक? मी कॅमेऱ्याच्या बाजूने आहे, आणि अशा माणसांना कामावरून काढलंच पाहिजे या मताचा आहे.

---

रिंगण

+१

---

पांढरी_टोपी

@ठाम_मत, तुमच्या आत्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. चूक वेगळी आणि क्रूरपणा वेगळा, हे मलाही मान्य आहे. घरच्यांना आणि डॉक्टरांना न विचारता हात बांधणं हा छळच. त्या बाईला काढणं योग्यच होतं.

फक्त एक विचारते. आत्यांना ट्यूब किंवा कॅथेटर होतं का? बहुतेक वेळा हात बांधतात ते ट्यूब ओढून काढली म्हणून. मग माणूस ट्यूब का ओढतो हे कुणीतरी बघायला हवं. नाकावरची चिकटपट्टी खाजते, कॅथेटरची नळी मांडीखाली दबून लघवी तुंबते, ताप चढत असतो. बोलता येत नाही म्हणून हात तिकडे जातो. माझ्या एका रुग्णाची पट्टी मी नाकाच्या शेंड्यावरून काढून बाजूला लावली, त्या दिवसापासून त्यांनी ट्यूबला हात लावला नाही. अगदीच नाइलाज असेल तर डॉक्टरांना विचारून हातमोजे घालता येतात, तेही मधूनमधून काढून हात बघायचे.

---

ठाम_मत

होय, ट्यूब होती. पट्टीचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच मनात आला नव्हता.

---

पायवाट

मी हेच काम करते. नऊ वर्षं झाली. इथे फक्त वाचत असते, आज लिहावंसं वाटलं. चुकलं तर समजून घ्या.

कवडसा ताई, तुमच्या दोघींनी डागाबद्दल का सांगितलं नाही ते मी सांगते. सांगितलं की काम जातं. डाग ज्याने पाहिला त्याच्यावर येतो. म्हणून जिला दिसतो ती गप्प बसते आणि दुसरीच्या ड्युटीत कुणालातरी दिसायची वाट बघते. मीसुद्धा पहिल्या वर्षी एकदा असं केलं आहे. त्या आजींची जखम नंतर वाढली. ते मी विसरलेली नाही.

आम्हाला नवीन घरी पाठवतात तेव्हा पत्ता देतात आणि वेळ सांगतात. पेशंटला काय झालं आहे ते घरी गेल्यावर कळतं. फाइल कपाटात असते, कपाटाला कुलूप. औषधं डबीत काढून ठेवलेली असतात, कुठली कशाची ते सांगत नाहीत. बदलीवर गेले तर आदल्या बाईची भेटसुद्धा होत नाही. एकदा मी आजोबांना उभं केलं आणि त्यांचा पाय मुडपला, मग घरच्यांनी सांगितलं की त्या पायाचं ऑपरेशन झालंय.

२४ तासांच्या ड्युटीत दर दोन तासांनी उठायचं आणि सकाळी परत दिवसाचं काम करायचं. असं तीस दिवस करून बघा. झोप लागते. मुद्दाम नाही लागत.

कॅमेरा लावा, आमची हरकत नाही. पण सांगून लावा. आणि आजींना अंघोळ घालतो, कपडे बदलतो तेव्हा तो बंद असावा. त्यांची पण लाज असते, त्यांना कुणी विचारत नाही.

---

हळद्या_पक्षी

पायवाट ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. कपाटाच्या कुलपाचं वाचून मी उठून आमचं कपाट बघून आले.

---

तळटीप

@पायवाट, तुमच्या झोपेच्या मुद्द्याला आंतरराष्ट्रीय आधार आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. त्यात आठवड्याला सलग किमान २४ तास विश्रांती सांगितली आहे, आणि कामगार घरातच राहत असेल तर खाजगीपणा जपणारी राहण्याची जागाही. ज्या देशांनी तो मान्य केला त्यांच्यावर तो बंधनकारक आहे, पण इतरांनाही मोजमाप म्हणून वापरता येतो. जागून थकलेल्या माणसाच्या हातून औषधाची चूक होणारच, म्हणून त्याच्या सुट्टीचा प्रश्न हा पेशंटच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे.

---

उंबरठा

मी काही वर्षं अशाच एका संस्थेत समन्वयक होते, आता ते काम सोडलं आहे. पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते लिहिते.

फोन आला की पहिला प्रश्न असतो "माणूस कधी पाठवाल?" संध्याकाळपर्यंत पाठवला नाही तर घर दुसऱ्या संस्थेकडे जातं. या घाईत घरी जाऊन बघणं पहिल्यांदा गळतं. चांगली संस्था तरीही नर्सला आधी पाठवते. ती पलंगाची उंची बघते, न्हाणीघराचा उंबरा बघते, औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळवते आणि त्या एका माणसासाठी सेवेचा आराखडा लिहून घरात ठेवते. घरी कुणी बघायला आलं होतं का आणि कागद घरात आहे का, या दोन गोष्टींवरून निम्मा अंदाज येतो.

दुसरं, अटेंडंटने काय करायचं नाही हे संस्था स्पष्ट सांगते का? कॅथेटर बदलणं, ट्यूब घालणं, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं), इंजेक्शन ही प्रशिक्षित नर्सची कामं. "आमची मुलं सगळं करतात" असं ऐकलं की मला धडकी भरते. नर्स महिन्यातून कितीदा येऊन बघणार, बदलीचा माणूस आला तर त्याला माहिती कोण देणार, रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, हेही विचारा. रात्रीचा नंबर घेतलात तर एकदा रात्री लावूनच बघा.

आणि एक प्रश्न जो कुणीच विचारत नाही : "गेल्या सहा महिन्यांत तुमच्याकडे किती चुका, पडझडी, जखमा नोंदवल्या गेल्या? त्यानंतर तुम्ही काय बदललं?" "एकही नाही" असं उत्तर आलं तर सावध व्हा. एवढी माणसं, एवढे पेशंट, आणि काहीच घडलं नाही असं होत नसतं. तिथे घडलेलं लिहिलं जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे नोंदीचा फॉर्म होता, पण भरणाऱ्याचे दोन दिवस कापले जायचे. फॉर्म कोरेच राहायचे. मी ते बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून बाहेर पडले.

---

अबोल_पाऊस

उंबरठा यांचा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला.

आमच्या बाबांना स्मृतिभ्रंश आहे. रात्री उठतात म्हणून पलंगाला दोन्ही बाजूंनी उंच कठडे लावून घेतले. आम्हाला वाटलं, आता निर्धास्त. तिसऱ्या रात्री ते कठड्यावरून पाय टाकून उतरायला गेले आणि आणखी उंचावरून पडले. खुबा मोडला. नंतर फिजिओथेरपिस्टने सांगितलं की जो माणूस उठणारच आहे त्याच्यासाठी कठडा धोक्याचा, शिवाय कठडा आणि गादीच्या फटीत मान-हात अडकण्याचेही प्रकार होतात. आता पलंग सगळ्यात खाली करून ठेवतो, बाजूला जाड गादी, पायाशी मंद दिवा. आणि मुख्य म्हणजे रात्री साडेअकराला बाबांना एकदा लघवीला नेऊन आणायचं. ते उठायचे ते त्यासाठीच. हे आमच्या रात्रीच्या दादांच्या लक्षात आलं, आमच्या नाही.

---

माझा_झोका

थोडं अवांतर. माणसाला उचलताना काखेत हात घालून ओढू नका. पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा तर यात सहज निखळतो. कंबरेखालून आडवी घडीची चादर घालायची आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवायचं. व्हीलचेअरवर बसवण्याआधी ब्रेक दोन्ही चाकांचे. मी एकच लावला होता, खुर्ची गिरकी घेऊन फिरली, बायको खाली आणि मी तिच्यावर. दोघंही शाबूत. त्या दिवसापासून ती खुर्चीपाशी आली की "दोन?" असं विचारते आणि मी "दोन" म्हटल्याशिवाय बसत नाही.

---

हळद्या_पक्षी

झोका, "दोन?" फार आवडलं. आमच्या सासऱ्यांचं हात धुण्याच्या बाबतीत असंच होतं. त्या तिसऱ्या मुलाने त्यांना सांगितलं होतं की साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. सासरे निवृत्त गणित शिक्षक. कुणीही भेटायला आलं की बेसिनकडे बोट दाखवून मोठ्याने आकडे मोजायला लागायचे. तपासायला आलेले डॉक्टर पस्तीसला नळ बंद करून वळले, तर आजोबांनी त्यांना "अजून पाच" म्हणून परत पाठवलं. डॉक्टरांनी हसत हसत पुन्हा धुतले.

---

पांढरी_टोपी

त्या मुलाने अगदी बरोबर सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांतला आकडा आहे तो. हाताला चोळायचा सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद. त्यातच हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळाही दिल्या आहेत : रुग्णाला हात लावण्याआधी, कॅथेटरसारखं निर्जंतुक काम करण्याआधी, लघवी-रक्त वगैरेंशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावरही. शेवटची वेळ घरात हमखास सुटते. पलंगाचा कठडा पुसला आणि तसाच हात पुढच्या कामाला.

कॅथेटरचंही सांगून ठेवते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला टेकलेली नको. वळवताना ती उचलून पोटावर ठेवतात, मग साठलेली लघवी मागे जाते आणि संसर्ग होतो. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. पिशवीला जोडलेली नळी उगाच सुटी करू नका. कॅथेटर घातल्याची तारीख पिशवीवरच पेनाने लिहा. आणि महिन्यातून एकदा डॉक्टरांना विचाराच, "अजून गरज आहे का?" राहिलंय म्हणून राहिलंय अशी कॅथेटर मी खूप बघितली आहेत.

---

ठाम_मत

मूळ प्रश्नाकडे येऊ. मी सुरुवातीला लिहिलं त्यातलं निम्मं अजूनही म्हणतो, छळ करणाऱ्याला माफी नको. पण पायवाट यांचं "ज्याने पाहिला त्याच्यावर येतो" हे डोक्यातून जात नाही. आत्याकडची बाई गेल्यावर दुसरी आली, ती चांगली होती. तिने एकदा सांगितलं की आत्या पलंगावरून घसरली. मी तिलाही ओरडलो होतो. त्यानंतर वर्षभरात तिने काहीच सांगितलं नाही. मी ते सगळं ठीक चाललंय असं समजत होतो.

---

गडद_निळा

आमच्याकडे त्या प्रसंगानंतर एक शंभर पानी वही आणली. औषध बदललं की बदलणाऱ्याने लिहायचं, देणाऱ्याने वाचून सही करायची. माणूस, औषध, मात्रा, मार्ग (तोंडाने की इंजेक्शनने), वेळ हे पाच बरोबर आहेत ना, ते इन्सुलिनच्या वेळी मोठ्याने म्हणायचं. जुन्या सिरिंज घरातून काढून टाकल्या. वडील त्यानंतर तीन वर्षं होते, पुन्हा तशी चूक झाली नाही.

---

कवडसा

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. उशिरा लिहितेय, कारण मधल्या तीन आठवड्यांत बरंच काही झालं.

डाग गेला. डॉक्टर येऊन बघून गेले. एजन्सीला ब्रेडन स्कोअर विचारला, त्यांनी आधी "ते काय असतं" म्हटलं, मग दोन दिवसांनी एका नर्सला पाठवलं. आईचे गुण १३ आले. उंबरठा यांचा प्रश्नही विचारला. "आमच्याकडे असं काही घडत नाही," असं उत्तर आलं. एजन्सी बदलावी का यावर घरात अजून एकमत नाही. पण ताई आणि मावशी मला बदलायच्या नाहीत.

कॅमेरा लावला नाही. आईला विचारलं होतं. ती दोन्ही वेळा "नको" म्हणाली, दुसऱ्यांदा अगदी स्पष्ट.

वही आणली. ताई आणि मावशींना एकत्र बसवलं. साडेचार महिन्यांत त्या दोघी एकमेकींशी पहिल्यांदा नीट बोलल्या, याची मला फार लाज वाटली. आता ड्युटी बदलताना दहा मिनिटं दोघी पलंगापाशी असतात आणि आईची पाठ मिळून बघतात. फाइल टेबलावर असते. आणि मी दोघींना सांगितलं की वहीत काहीही लिहिलं तरी मी एजन्सीला माणूस बदला म्हणून फोन करणार नाही. मावशींचा विश्वास बसला नसावा. पहिले दहा दिवस वहीत रात्रीच्या सगळ्या रकान्यांत नुसतं "ठीक" होतं.

परवा सकाळी वही उघडली तर मावशींच्या अक्षरात असं होतं :

"२ ला वळवलं. ४ ला वळवायचं राहिलं. मला झोप लागली. ५ ला दहा कमी असताना जाग आली तेव्हा वळवलं. पाठ बघितली. लाल नाही. पिशवी रिकामी केली."

मी ते वाचत होते तेव्हा मावशी चपला घालून दारात उभ्या होत्या, निघाल्या नव्हत्या. मी त्यांना आत बोलावलं आणि विचारलं, चारची वेळ नेहमीच जड जाते का? म्हणाल्या, "दिवसा दुसऱ्या घरी असते ना मी." हे मला माहीतच नव्हतं. आता चारचा गजर माझ्या भावाच्या फोनवर आहे. तो उठतो, मावशींना उठवतो आणि दोघं मिळून आईला वळवतात. आडव्या चादरीनेच, माझा_झोका यांनी सांगितलं तसं.

---

पायवाट

ताई, त्या मावशींनी ते लिहिलं तेव्हा त्यांच्या पोटात गोळा आला असेल. तुम्ही आत बोलावलंत. डोळ्यात पाणी आलं.

---

पांढरी_टोपी

कवडसा, १३ गुण म्हणजे धोका मध्यम, वही चालू ठेवा. टाचा बघता का? पाठ सगळे बघतात, टाचा राहून जातात. पोटरीखाली उशी द्यायची, टाच अधांतरी राहिली पाहिजे.

---

कवडसा

नव्हतो बघत. आत्ता बघून आले. उजवी छान आहे, डावी थोडी लालसर वाटतेय, दाबल्यावर फिकी पडते. पोटरीखाली उशी दिली आहे. वहीत टाचांचा रकाना आखला आणि आजची पहिली नोंद ताईंनी केली.